न टाकलेले कार्ड

माळा साफ करणे हे आमच्या घरात वर्षातून एकदा, गौरी-गणपतीच्या आधी, माझ्या वाट्याला येणारे संकट आहे. माळ्यावरची एकही वस्तू उपयोगाची नसते आणि एकही वस्तू टाकून देववत नाही. तळ गेलेली परात, पाय मोडलेला पाट, सासूबाईंच्या वेळची शेवयांची पाटी, कोणाच्या तरी लग्नात आलेले आणि कधीही न चाललेले घड्याळ. दर वर्षी मी या सगळ्यांना खाली उतरवते, पुसते आणि पुन्हा वर ठेवते. याला आम्ही साफसफाई म्हणतो.

२०२५ सालच्या अशाच साफसफाईत माझी शाळेतली पत्र्याची पेटी हाती लागली. शिडीच्या वरच्या पायरीवर बसूनच मी ती उघडली. आत नववीच्या वह्या होत्या, गंजलेली कंपासपेटी होती, एक मोरपीस होते, आणि वह्यांच्या मध्ये एक पिवळे पोस्टकार्ड होते. पत्ता माझ्याच अक्षरात होता: ‘डॉ. जयंत नारळीकर, आयुका, गणेशखिंड, पुणे ७.’ मागच्या बाजूला मायना होता, खाली ‘आपली नम्र’ होते, आणि मध्ये दोनच ओळी होत्या. टपालाचा शिक्का मात्र कुठेच नव्हता. ते कार्ड मी टाकलेच नव्हते.

त्या काळी आमची रहाटणी निराळी होती. आज जिथे दहा-दहा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, तिथे ज्वारीची शेते होती, आणि पवनेकडून येणारा वारा अडवायला मध्ये काही नव्हते. वाचनालयातून आणलेली ‘यक्षांची देणगी’ मी कंदिलात वाचली. घरात वीज नव्हती म्हणून नव्हे. ती गेलेली होती म्हणून. त्या पुस्तकाने मला झपाटले. परग्रह, दुर्बिणी, काळ या गोष्टी मराठीत, आपल्या माणसांच्या तोंडी बोलल्या जाऊ शकतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

नारळीकरांची ती गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. तरी सणाच्या निमित्ताने पुन्हा सांगायला हरकत नाही. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेला, बनारसला वाढलेला, केंब्रिजला जाऊन फ्रेड हॉएल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणारा हा माणूस १९७२ साली मायदेशी परतला. दोन वर्षांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ नावाच्या कोणा अनोळखी लेखकाची कथा आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. जगताप म्हणजे नारळीकरच! स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव बनवले होते. मोठ्या नावामुळे बक्षीस मिळाले असे कोणी म्हणू नये, हा हेतू. आणि त्या कथेचे नाव होते ‘कृष्णविवर’.

त्यांची दुसरी रीत आम्हां मुलांना अधिक जवळची होती. व्याख्यान संपले की मुले सहीसाठी वह्या पुढे करीत. ते म्हणत, सही हवी असेल तर पोस्टकार्डावर एक प्रश्न विचारून पाठव. मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन. सहीच्या मोबदल्यात प्रश्न! हे ऐकल्यावर मी आईकडून पैसे घेऊन कार्ड आणले. प्रश्न ठरवायला आठ दिवस लागले. शुद्धलेखन तीनदा तपासले. मग पत्ता लिहिला, आणि नेमके त्याच वेळी घरी आलेल्या आत्याने ते वाचले. ती हसली. मनाने वाईट नव्हती बिचारी. ती एवढेच म्हणाली, ‘‘अगं, एवढा मोठा माणूस तुझ्या कार्डाची वाट बघत बसलाय होय?’’

झाले! कार्ड वहीत गेले आणि वही पेटीत. पुढच्या वर्षी मी मॅट्रिक झाले आणि माझे शिक्षण तिथेच थांबले. त्याची कारणे घरगुती होती. पुढे मी मुलांना मराठी शिकवू लागले, कादंबऱ्या लिहू लागले. विज्ञानाशी माझा संबंध गॅसची नळी तपासण्यापुरता उरला.

तर शिडीवर बसून मी त्या दोन ओळी वाचल्या. ‘कृष्णविवरातून प्रकाशसुद्धा बाहेर येत नाही, असे वाचले. मग ते तिथे आहे, हे तुम्हांला कसे कळते?’

वाचले आणि माझ्या हातातले फडके खाली पडले. कारण हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, मी दोनच महिन्यांपूर्वी ऐकला होता. आणि तो विचारणाऱ्या मुलाला मी मागच्या बाकावर बसवले होते.

*

घडले ते असे. २०२५ च्या मे महिन्याच्या २० तारखेला पुण्यात नारळीकर गेले. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मला वाटले, मराठीच्या पहिल्या तासाला मुलांना त्यांच्याविषयी काही सांगावे. मी त्यांच्या कथांविषयी सांगितले, नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले होते ते सांगितले, आणि बोलता बोलता कृष्णविवरावर आले. कादंबरीकाराची जीभ! मी हातवारे करून वर्णन केले, की ती आकाशातली एक भयंकर विहीर असते, ती जवळचे-दूरचे सगळे खेचून गिळते, तिच्यातून काही म्हणजे काही बाहेर येत नाही.

खिडकीजवळचा एक मुलगा उभा राहिला. किरकोळ अंगाचा, शर्टाचे वरचे बटण नेहमी तुटलेले. ‘‘बाई, काहीच बाहेर येत नाही, तर ते आहे हे कळलं कसं?’’

वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हते. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द म्हणायला किती सोपे. पण तीस पोरांसमोर फळ्याजवळ उभे राहून ते म्हणून पाहावेत. मी आवाज चढवला. ‘‘मध्ये मध्ये तोंड घालायची फार सवय आहे तुला. जा, मागच्या बाकावर जाऊन बस.’’

तो गेला. उलट उत्तर नाही, रडणे नाही. नंतरचे दोन महिने त्याने माझ्या तासाला एकदाही हात वर केला नाही, आणि मला त्याचे काही वाटलेही नाही. खरे सांगायचे तर बरेच वाटले.

आता मात्र ते कार्ड हातात होते. मला आत्या आठवली. तिने निदान हसून म्हटले होते. मी तर खेकसले होते. माणूस आपल्यावर झालेला अन्याय तीस वर्षे जपून ठेवतो आणि तोच दुसऱ्यावर करताना त्याला ओळखू येत नाही, याचा असा लेखी पुरावा फार थोड्यांना मिळत असेल.

*

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. आमच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेड आहेत. त्यांत कुठे लेथ चालतो, कुठे वेल्डिंग, कुठे प्रेस. मोठ्या कारखान्यांचे बारीकसारीक भाग अशाच शेडमध्ये तयार होतात. त्या शेडच्या भिंतीला भिंत लावून चाळ आहे. त्याची आई दारातच धुणे वाळत घालत होती. मला पाहून घाबरली. ‘‘काय केलं का बाई यानं?’’

‘‘त्यानं नाही, मीच केलंय,’’ मी म्हटले. तिला ते कळले नाही. तिने चहा टाकला.

मुलगा आतल्या खोलीत जमिनीवर बसून गृहपाठ करीत होता. त्याच्यापुढे, वहीच्या शेजारी, पाण्याने भरलेले पसरट पातेले होते. मला वाटले, पाय धुवायला ठेवले असेल. पण तो दर दोन-चार ओळींनंतर त्या पाण्याकडे पाहत होता.

‘‘हे काय रे?’’

तो गप्प. आईनेच सांगितले. ‘‘त्याचे बाबा शेजारच्या शेडमधे प्रेसवर असतात. गेल्या साली दोन बोटं गेली डाव्या हाताची. तवापासून हे असं. सांगून दमले मी.’’

मग तो हळूहळू बोलू लागला. शेडचे शटर पावसामुळे खाली ओढलेले असते. आत काही दिसत नाही. गल्लीत रिक्षा, मिक्सर, टीव्ही, यांच्या गोंधळात प्रेसचा आवाज नेमका ऐकू येत नाही. पण प्रेस पडला की जमीन हादरते आणि पाण्यावर वर्तुळे उठतात. शेडमध्ये तीन प्रेस आहेत. मोठ्याचे वर्तुळ जाड येते. उरलेल्या दोन लहानांपैकी एक बाबांचा. तो पायाने दाबून चालवायचा, म्हणून त्याचा ठेका माणसाप्रमाणे बदलतो. ‘‘बाबा माल लावतात, हात काढतात, मग पाय दाबतात. दुसरे काका घाई करतात. आणि बाबा दमले की ठेका सावकाश होतो.’’

‘‘आणि ठेका मध्येच थांबला तर?’’

‘‘तर मी शंभरपर्यंत मोजतो. तोवर चालू झाला तर बाबा पाणी प्यायला गेले असणार.’’

शंभरच्या पुढे काय, हे मी विचारले नाही.

चहा गार झाला. मी त्याला कार्ड दाखवले. त्याने अक्षर पाहिले, प्रश्न वाचला, तारीख वाचली. ‘‘हा तर माझा प्रश्न आहे,’’ तो म्हणाला. मग जरा विचार करून, ‘‘उत्तर आलं?’’

‘‘टाकलंच नाही रे. आता आपण दोघं मिळून शोधू.’’

*

शोध फार लांब न्यावा लागला नाही. आमच्या रहाटणीहून पिंपळे सौदागर, औंध ओलांडून विद्यापीठाच्या आवारात पोचले, की नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली आयुका आहेच. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली ती वास्तू आहे. तिच्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. तिथल्या मुलांच्या विज्ञानशोधिकेमागे आपल्या पु. लं.च्या प्रतिष्ठानची देणगी आहे. जन्मभर हसवणाऱ्या माणसाचा पैसा मुलांच्या भिंगांना आणि लोहचुंबकांना लागावा, हे किती छान! महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यान ठेवण्याची तिथे जुनी प्रथा आहे. अशाच एका व्याख्यानाला मी वर्गातली वीस मुले घेऊन गेले. त्याला बसवले पहिल्या रांगेत, माझ्याशेजारी.

बोलायला आली ती माझ्याहून कितीतरी लहान मुलगी. मला वाटले, ही पाणी ठेवायला आली असावी. ती कृष्णविवरांवर संशोधन करणारी निघाली, आणि बोलायला लागली ती आपल्या साध्या मराठीत.

पहिल्या पाच मिनिटांत तिने माझी विहीर बुजवून टाकली. कृष्णविवर काही खेचत-गिळत फिरत नसते, ती म्हणाली. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचे कृष्णविवर आणून ठेवले, तर आपली पृथ्वी आहे त्याच वाटेने फिरत राहील. अंधार होईल, थंडी पडेल, पण ओढ तेवढीच. फरक पडतो तो फार जवळ गेल्यावर, कारण तेवढे सगळे वजन फार थोड्या जागेत दाबलेले असते. सूर्याचे कृष्णविवर करायचे तर त्याला जेमतेम सहा किलोमीटर व्यासात कोंबावे लागेल. म्हणजे रहाटणी, काळेवाडी, पिंपरी एवढ्या टापूत सगळा सूर्य. आणि पृथ्वीचे करायचे तर? तिने खिशातून एक गोटी काढली. एवढी! मुलांनी ‘आँ’ केले. मी मान खाली घातली. माझ्या शेजारच्याने माझ्याकडे पाहिले नाही, ही त्याची भलाई.

मग ती आमच्या प्रश्नावर आली. आइनस्टाइनने १९१६ साली म्हटले होते, की जड वस्तू वेगाने हलल्या तर खुद्द अवकाशालाच कंप सुटतो आणि तो लाटांसारखा पसरत जातो. याच गुरुत्वीय लहरी. त्या इतक्या सूक्ष्म, की त्या सापडतील असे खुद्द त्यालाही वाटत नव्हते. पुढे एकदा तर त्या असतात की नाही, याचीच त्याला शंका आली. त्या पकडायला अमेरिकेत दोन ठिकाणी, एकमेकांपासून तीन हजार किलोमीटर अंतरावर, ‘लायगो’ नावाच्या यंत्रणा उभारल्या. काटकोनात दोन बाहू, प्रत्येक चार किलोमीटर लांब. लेसरचा एक किरण दुभंगून दोन्ही बाहूंत धाडायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि दोघांची गाठ घालून द्यायची. लहर येऊन गेली, तर एक बाहू किंचित लांबतो, दुसरा आखडतो, आणि परतलेल्या किरणांचा मेळ बिघडतो. किंचित म्हणजे किती? अणूच्या पोटातला जो प्रोटॉन, त्याच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे.

२०१५ सालच्या सप्टेंबरची १४ तारीख. आपल्याकडे सोमवार होता, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे झाली होती. गणपती बसायला तीन दिवस होते. त्या क्षणी आधी लिव्हिंग्स्टनच्या आणि मग एका सेकंदाचे सात हजारांश गेल्यावर हॅनफर्डच्या यंत्राने तोच थरकाप टिपला. सगळा खेळ सेकंदाच्या पाचव्या हिश्शाचा. एकशे तीस कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे, एक छत्तीस सूर्यांच्या वजनाचे आणि दुसरे एकोणतीस, एकमेकांभोवती गरगरत येऊन एक झाली होती. बेरीज पासष्ट व्हायला हवी, भरली बासष्ट. उरलेले तीन सूर्य त्या लहरींत विरून गेले होते. शास्त्रज्ञांनी पाच महिने पडताळून, २०१६ च्या ११ फेब्रुवारीला ती बातमी जगाला सांगितली. दुसऱ्या वर्षी नोबेल मिळाले.

‘‘म्हणजे विवराच्या आतून काहीच बाहेर आलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘पण ती फिरली तेव्हा त्यांच्या भोवतालचं अवकाश ढवळलं गेलं, आणि तो हादरा आपल्यापर्यंत आला.’’

माझ्या शेजारी हालचाल झाली. तो माझ्या कानाशी आला आणि कुजबुजला, ‘‘बाई, शटर बंद असलं तरी.’’

मला एकदम त्याचे पातेले दिसले.

पुढचे तर त्याच्यासाठीच सांगितल्यासारखे होते. ही यंत्रे रात्रंदिवस थरथरतच असतात. दूरच्या समुद्राच्या लाटा, रस्त्यावरचा ट्रक, रुळावरची गाडी, सगळे त्यांत उमटते. त्या गदारोळातून नेमका हवा तो कंप कसा निवडायचा? ही रीत बसवण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. आयुकातले संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या सुमारास, म्हणजे लहर सापडण्याच्या चोवीस वर्षे आधी, त्यावर पायाभूत काम केले. दोन जड तारे एकमेकांत कोसळताना कंपाचा ठेका कसा चढत जाईल, हे आधी गणिताने काढायचे. असे शेकडो नमुने तयार ठेवायचे. आणि मग गोंगाटावरून एकेक नमुना फिरवून कोणता जुळतो ते पाहायचे. जत्रेच्या गलबल्यात आईला आपल्या पोराचा आवाज ऐकू येतो, तो याच रीतीने. तिच्या मनात नमुना तयार असतो. आणि शेजारच्या शेडमधल्या तीन प्रेसपैकी आपल्या बापाचा ओळखणारा मुलगा तरी दुसरे काय करतो?

तिने आणखी एक नाव सांगितले, ते मी वहीत लिहून घेतले. बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वरा. धक्का बसलेले कृष्णविवर टोल दिलेल्या घंटेसारखे काही क्षण निनादते आणि मग शांत होते, हे त्यांनी १९७० साली गणिताने दाखवले होते. लोकांना आकाश दाखवावे म्हणून बंगळूरचे तारांगण ज्यांनी वाढवले, तेच हे. आपल्या घंटेची चाहूल लागलेली त्यांनी २०१६ साली ऐकली, आणि पुढच्या जानेवारीत ते गेले. कार्ड टाकायचे आणि सेहेचाळीस वर्षांनी उत्तर यायचे, यातला आनंद त्यांनाच ठाऊक!

प्रश्नोत्तरे सुरू झाली. तो उठला. मागे वळून मुले हसतात का, हे त्याने पाहिले. कोणी हसले नाही. ‘‘ते यंत्र आमच्या रहाटणीत लावलं तर चालेल का?’’

सभागृह हसले, पण ती हसली नाही. तिने विचारले, ‘‘तुमच्याकडे काय काय हलतं?’’ त्याने यादी सांगितली: प्रेस, हॅमर, कंटेनर, सिमेंटचे मिक्सर. ‘‘मग नाही चालणार,’’ ती म्हणाली, ‘‘पण कुठे चालणार नाही हे शोधायला आम्हांला तुझ्यासारखीच माणसं लागतात.’’

आणि तिने औंढा नागनाथाचे नाव घेतले. तशा यंत्रणेसाठी शांत, निवांत जमीन शोधत शोधत शास्त्रज्ञ आपल्याच महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा तालुक्यात पोचले. केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या दोघांच्या जोडीला पृथ्वीच्या या बाजूचा आणखी एक कान मिळाला, की लहर कोणत्या दिशेने आली ते पुष्कळ अधिक नेमके सांगता येईल. एका कानाने हाक ऐकू येते, पण कुठून आली ते कळायला दुसरा लागतो, तसेच.

औंढा म्हटल्यावर मला जे आठवले, ते तुम्हांलाही आठवले असेल. नामदेव महाराज तिथे देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा पुजाऱ्यांनी त्यांना हटकले आणि मागे जायला सांगितले. ते मुकाट्याने देवळाच्या पाठीमागे गेले आणि तिथे गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरले आणि नामदेवांकडे तोंड करून उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. लहानपणापासून मी ही गोष्ट ऐकली आहे, वर्गात सांगितलीही आहे. दर वेळी मी स्वतःला नामदेवांच्या बाजूला धरीत असे. त्या दिवशी प्रथमच कळले, की मी पुजाऱ्यांपैकी होते.

*

परतताना मुले बसमध्ये गोटीवरून भांडत होती. माझ्या डोक्यात मात्र निराळेच चालले होते. आमच्या या पट्ट्याला लोक कारखान्यांचा पट्टा म्हणतात. भोसरी, चाकण ओलांडून नाशिकच्या वाटेने पुढे गेले, की नारायणगावाजवळ खोडद लागते. तिथे गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या रेडिओ-दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, एकेक पंचेचाळीस मीटर व्यासाची. घड्याळासारखे ठोके देणारे तारे तिथून वर्षानुवर्षे ऐकले, आणि २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या निरीक्षणांसह शास्त्रज्ञांनी सांगितले, की ज्यांच्या एकेका हेलकाव्याला काही वर्षे लागतात, अशा संथ गुरुत्वीय लहरींची चाहूल लागली आहे. म्हणजे ज्या रस्त्यावरून आमचे जॉब आणि गाड्या जातात, त्याच रस्त्याच्या काठी विश्वाच्या नाडीवर बोट ठेवलेले आहे. मी त्या रस्त्याने कितीदा तरी गेले. खिडकीतून द्राक्षांचे मळे पाहिले, हे नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टातून कार्डे आणली आणि वर्गात वाटली. सांगितले, की ज्याला जो प्रश्न असेल तो लिहा. उत्तर मी देईन आणि खाली सही करीन. उत्तर येत नसेल तर तसे लिहीन, शोधीन आणि दुसरे कार्ड पाठवीन. मागचा बाक प्रश्न विचारल्याबद्दल कोणाला मिळणार नाही.

पहिल्या आठवड्यात सतरा कार्डे आली. ‘मांजर अंधारात कसे पाहते?’ हे सोपे होते. ‘कादंबरीतली माणसे खोटी असतात तर तुम्ही त्यांना रडता का?’ याला मला दोन रात्री लागल्या. सतरावे त्याचे होते. अक्षर ठसठशीत, शुद्धलेखन माझ्या कार्डापेक्षा चांगले. लिहिले होते: ‘प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढी हालचाल किरणाला कळते. मग प्रेसमध्ये माणसाचा हात आहे हे प्रेसला का कळत नाही?’

हे कार्ड मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. ओळखीच्या एका इंजिनियरांना गाठले. त्यांनी सांगितले, तसे यंत्र आहे; यंत्राच्या तोंडापुढे किरणांचा एक पडदा असतो, हाताने तो तुटला की यंत्र जागच्या जागी थांबते. मला हर्ष झाला. पुन्हा किरणच! मी सविस्तर उत्तर लिहिले, सही केली आणि कार्ड खरोखरीच पेटीत टाकले.

तीन दिवसांनी संध्याकाळी त्याचे वडील दारात. मी त्यांना प्रथमच पाहत होते. कार्ड उजव्या हातात धरलेले. डावा हात खिशात. ‘‘बाई, उत्तर वाचलं. रागावू नका, पण ते चुकलंय.’’

मी त्यांना बसायला सांगितले. त्यांनी समजावून दिले. किरणांचा पडदा नव्या प्रेसना चालतो, मध्येच थांबू शकणाऱ्या. त्यांचा प्रेस जुन्या क्लचचा. एकदा पाय दाबला आणि तो सुटला, की खाली येऊन वर गेल्याशिवाय थांबतच नाही. किरण तुटला तरी त्याचा उपयोग नाही. त्याला उपाय दोन. समोर जाळी, म्हणजे हात आत जाऊच नये. नाहीतर पायाऐवजी दोन बटणे, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, आणि यंत्रापासून इतकी दूर, की ती सोडून हात आत नेईपर्यंत प्रेस पडून गेलेला असेल. ‘‘महाग नाही हो ते,’’ ते म्हणाले. ‘‘पण जाळीनं माल सावकाश निघतो, म्हणून कोणी लावत नाही.’’ हे सांगता सांगता त्यांचा डावा हात खिशातून बाहेर आला आणि त्यांनी टेबलावर माझ्या पेनाने जाळीची आकृती काढली.

मी दुसरे कार्ड घेतले. वर लिहिले, ‘मागचे उत्तर चुकले होते, बरोबर उत्तर तुझ्या बाबांकडून घेतले आहे.’ ते सांगत गेले, मी लिहीत गेले. शेवटी मी सही केली आणि पेन त्यांच्यापुढे केले. ते लाजले, मग त्यांनीही माझ्या सहीशेजारी आपली सही केली.

ते कार्ड आता शेडमध्ये, त्या प्रेसच्या मागच्या भिंतीला चिकटवलेले आहे, असे मुलगा सांगतो. मालकांनी ते दोनदा वाचले म्हणे. जाळी अजून बसलेली नाही. मी दर सोमवारी विचारते. तो मान हलवतो.

माझे जुने कार्ड मी पुन्हा पेटीत ठेवले नाही. प्रश्नाच्या खाली थोडी जागा होती. तिथे बारीक अक्षरात उत्तर लिहिले आणि ते टेबलाच्या काचेखाली सरकवले. आणि अलीकडे रात्री, आवराआवर झाली, की मी ओट्यावरचे पाण्याचे पातेले तसेच ठेवते. आमचे घर शेडपासून लांब आहे, तरी जमीन एकच. दिवा बाजूला धरला, तर पाण्यावर बारीक वर्तुळे उठताना दिसतात. मला अजून एका प्रेसचा दुसऱ्यापासून फरक कळत नाही. पण ठेका मध्येच थांबला, की मीसुद्धा मोजायला लागते.